ठाण्यात मुक्काम, तीन दिवसांचा बेत: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

मे महिना आणि दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या नौपाड्यातल्या घरी फोन सुरू होतात. "तीन दिवस काढलेत, मुंबई दाखव." सांगलीहून आत्या, जळगावहून मामेभाऊ, कधी नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाचं कुटुंब. गेल्या पंधराएक वर्षांत इतक्या जणांचे बेत आखून दिले की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं.

सगळ्यांची चूक एकच होते. यादीत गेटवे, राणीबाग, एलिफंटा, हाजीअली, सिद्धिविनायक, जुहू, नॅशनल पार्क, सगळं तीन दिवसांत. मग निम्मा वेळ गर्दीत आणि निम्मा रस्त्यावर जातो. मी सांगते ते असं: मुक्काम ठाण्यात करा. एक दिवस ठाणं बघा, एक दिवस खाडी आणि नवी मुंबई, एक दिवस मुंबई. दिवस आखताना दोनच घड्याळं समोर ठेवा, लोकलचं आणि भरती-ओहोटीचं. या दोघांशी जुळवून घेतलं की बाकीचं सोपं जातं.

तारीख ठरवण्याआधी

कॅलेंडर उघडा आणि वार बघा. घारापुरीची, म्हणजे एलिफंटाची लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणीही सोमवारीच बंद. राणीबाग बुधवारी बंद. आत्याकडच्या मंडळींना घेऊन मी एकदा सोमवारी सकाळी गेटवेला पोचले होते. आत्याने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहायचा म्हणून नवी साडी नेसली होती. लेणी बंद असल्याचं तिथे गेल्यावर कळलं, तेव्हा तिचा चेहरा बघवला नाही. त्या दिवसापासून मी आधी वार विचारते, बाकीचं नंतर.

रविवारचं वेगळं प्रकरण आहे. रविवारी लोकलला गर्दी कमी असते, पण मेगाब्लॉक असतो. रुळांच्या आणि तारांच्या दुरुस्तीसाठी सकाळी दहा-अकरापासून दुपारी चारच्या सुमारापर्यंत एखादा मार्ग बंद ठेवतात किंवा गाड्या दुसऱ्या मार्गावर वळवतात. कधी मध्य मार्गावर, कधी हार्बरवर, कधी ठाणे-वाशी ट्रान्स हार्बरवर. शुक्रवार-शनिवारच्या मराठी वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून येतं. ते वाचल्याशिवाय रविवारचा बेत पक्का करू नका. माझ्या हिशेबी शुक्रवार, शनिवार, रविवार हे तीन दिवस उत्तम: शुक्रवारी ठाणं, शनिवारी खाडी, रविवारी मुंबई. दक्षिण मुंबईतली कार्यालयं रविवारी बंद असल्याने फोर्टातले रस्ते मोकळे मिळतात. ब्लॉक असेल तर सकाळी आठच्या आत निघायचं आणि चारनंतर परतायचं.

महिन्यांचं म्हणाल तर डिसेंबर ते मार्च सर्वांत चांगले. हवा बरी असते आणि खाडीत रोहित पक्षी असतात.

मुक्काम कुठे

स्टेशनपासून चालत किंवा दहा मिनिटांच्या रिक्षाच्या अंतरावर: नौपाडा, राम मारुती रोड, पाचपाखाडी, जांभळी नाका. घोडबंदर रोडला नवी, मोठी हॉटेलं आहेत आणि फोटोत छान दिसतात, पण सकाळ-संध्याकाळच्या वाहतुकीत तिथून स्टेशन गाठायलाच तास जाऊ शकतो. तीन दिवसांच्या सहलीत रोजचे दोन तास असे घालवणं परवडत नाही.

कोकणाकडून येत असाल तर मांडवी आणि कोकणकन्या ठाण्याला थांबतात. तुमची गाडी ठाण्याला थांबत नसेल तर कल्याणला किंवा दादरला उतरून लोकल धरा. एसटीने येणाऱ्यांनी वंदना की खोपट, कोणत्या स्थानकात गाडी जाते ते वाहकाला आधीच विचारून ठेवावं. दोन्ही शहरात आहेत, पण बॅगा घेऊन एकातून दुसऱ्यात जाणं नकोसं होतं.

लोकल शिकून घ्या

पाहुण्यांना सगळ्यात जास्त भीती लोकलची वाटते. ती भीती खोटी नाही, पण अर्ध्या तासाच्या माहितीने बरीच कमी होते.

ठाणे स्टेशनला दहा फलाट आहेत. पश्चिमेला बाहेर पडलं की जुनं ठाणं, तलावपाळी, बाजार. पूर्वेला कोपरी. वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांवरून सुटते. बाकीच्यांसाठी इंडिकेटर वाचायचा: गाडी कुठे जाणार, धीमी की जलद, आणि किती मिनिटांत येणार. जलद गाडी मुंबईला, म्हणजे सीएसएमटीला साधारण पाऊण तासात पोचते, धीमी तासभर घेते.

आता खरी युक्ती. कल्याण, बदलापूर, कसाऱ्याकडून येणारी जलद गाडी ठाण्याला भरूनच येते. नवख्या माणसाने, त्यातून मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना, तिच्या वाटेला जाऊ नये. ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल बघा. ती रिकामी लागते, खिडकी मिळते. पंधरा मिनिटं जास्त लागतील, पण मुलुंड, भांडुप, विक्रोळी करत बसून जाता येतं. मामेभावाच्या मुलीने, सात वर्षांची होती तेव्हा, ठाण्यापासून मशीदपर्यंतची सगळी स्टेशनं वहीत लिहून काढली होती. परत जाताना तिला सर्वांत काय आवडलं म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "गाडी."

गर्दीचा प्रवाह ओळखा. सकाळी आठ ते अकरा सगळी गर्दी मुंबईकडे, संध्याकाळी साडेपाच ते नऊ सगळी मुंबईकडून. या वेळांत त्या दिशेने जाऊच नका. अकरानंतर निघा, आणि परतताना एकतर पाचच्या आत गाडीत बसा नाहीतर जेवून नऊनंतर.

तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर स्टेशनच्या आवारात शिरायच्या आधी काढा. दिवसभर चढ-उतार करायची असेल तर उपनगरी रेल्वेचं एक, तीन किंवा पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं, खिडकीवर त्याच नावाने मागा. एसी लोकलचं तिकीट वेगळं असतं, साध्या तिकिटावर तिच्यात चढू नका. साध्या गाडीतही पहिल्या वर्गाचे डबे असतात. डब्याच्या दाराशेजारी लिहिलेलं असतं, पण धावपळीत दिसत नाही आणि दंड भरावा लागतो. बायका-मुलींनी महिलांचा डबा निवडला तर निवांत जाता येतं, मात्र कुटुंबाने कोणत्या स्टेशनला उतरायचं आणि फलाटावर कुठे भेटायचं हे चढण्याआधी एकमेकांना सांगा. डब्यात गर्दी असेल तर आपलं स्टेशन यायच्या आधीच्या स्टेशनापासून दाराकडे सरका आणि पुढच्याला विचारा, "दादर उतरणार का?" तो "हो" म्हणाला की त्याच्या मागे उभं राहायचं. आणि पाठीवरची सॅक पुढे पोटावर घ्यायची.

पहिला दिवस: जुनं ठाणं

सकाळी नाश्त्याला मामलेदार मिसळ. स्टेशनपासून जवळ, तहसील कचेरीला लागून. पहिल्यांदा खाणाऱ्याने तिखट मागू नये, मध्यम सांगावं. कोल्हापूरच्या माणसांनाही मी हेच सांगते. तर्रीचा झणका इथला वेगळाच आहे आणि तो जरा उशिरा कळतो.

तिथून चालत मासुंदा तलाव. आम्ही त्याला तलावपाळीच म्हणतो. ठाणं तलावांचं शहर, त्यातला हा सगळ्यांच्या मनातला. काठाला कोपिनेश्वराचं मंदिर आहे. ठाणं शिलाहारांचं श्रीस्थानक होतं आणि या देवस्थानाचं मूळ त्या काळापर्यंत मागे नेतात. आजचं मंदिर पेशवाईतलं, १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी जीर्णोद्धार करून उभारलेलं. गाभाऱ्यातलं शिवलिंग फार मोठं आहे. एवढं लिंग सहसा बघायला मिळत नाही, त्यामुळे रांग असली तरी थांबा. गुढीपाडव्याला ठाण्यात असाल तर इथून निघणारी स्वागतयात्रा पाहिल्याशिवाय जाऊ नका, त्या दिवशी बाकीचा बेत सोडून द्या. बाहेर पडल्यावर जांभळी नाक्याचा बाजार. फुलं, भाजी, पूजेचं सामान.

टेंभी नाक्याच्या बाजूला १८७९ साली बांधलेलं बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. हे लोक शतकानुशतकं कोकणपट्टीत राहिलेले, घरात मराठी बोलणारे. आत जायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्र जवळ ठेवा आणि न विचारता फोटो काढू नका.

ठाण्याचा किल्ला मात्र आतून बघता येत नाही. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांकडे गेला आणि त्याचा तुरुंग झाला. आजही तिथे मध्यवर्ती कारागृहच आहे. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना याच तुरुंगात फाशी दिलं. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. मी पाहुण्यांना, विशेषतः कॉलेजातल्या मुलांना, त्या भिंतीजवळ नेऊन हे सांगतेच. पाच मिनिटं पुरतात.

दुपारी घरी किंवा हॉटेलवर विश्रांती. ऊन्ह उतरलं की उपवन तलाव, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. येऊर हा राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. वर जायचं तर सकाळी लवकर, दिवसाउजेडी परत, कारण जंगलात बिबटे आहेत आणि ते त्यांचं घर आहे. फुलपाखरांची आवड असेल तर घोडबंदर रोडवरची ओवळेकर वाडी रविवारी सकाळी करा. तेवढ्यासाठी दिवसांची अदलाबदल करायला हरकत नाही.

संध्याकाळ पुन्हा तलावपाळीवर. गजानन वडापाव नौपाड्यात विष्णुनगरला आहे, त्याच्या पिवळ्या बेसनाच्या चटणीसाठी लोक लांबून येतात. आणि गडकरी रंगायतनला नाटक असेल तर तिकीट काढाच. १९७८ पासून हे नाट्यगृह तलावाच्या काठी आहे, राम गणेश गडकरींच्या नावाचं. आत्याने जन्मात नाट्यगृहात बसून नाटक पाहिलं नव्हतं. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता. जाहिराती वर्तमानपत्रात येतात, शनिवार-रविवारची तिकिटं लवकर संपतात.

दुसरा दिवस: खाडी

माझ्या मते हा तीन दिवसांतला सर्वांत सुंदर दिवस, आणि नेमका हाच लोक गाळतात.

ठाण्याची खाडी हे रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे. २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. साधारण नोव्हेंबरपासून पक्षी येऊ लागतात आणि मेअखेरपर्यंत असतात. छोटा रोहित आणि मोठा रोहित, दोन्ही दिसतात. चिखलातल्या पाण्यात चोच उलटी बुडवून ते शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात, आणि त्या खाण्यातूनच त्यांच्या पिसांना गुलाबी रंग चढतो.

ऐरोलीला वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत होडीची फेरी निघते. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने दिघा गाव आणि मग ऐरोली. स्टेशनहून रिक्षा. होडीची जागा आधी राखून ठेवा, आणि वेळ विचारताना साप्ताहिक सुट्टीचा दिवसही विचारा. फेरीच्या वेळा रोज बदलतात, कारण त्या भरती-ओहोटीवर ठरतात. ओहोटीला धक्क्याजवळ नुसता चिखल उरतो, तिथे होडी चालणार कशी?

इथे किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब कामाला येतो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा किंवा अमावस्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं, पण बेत आखायला एवढं पुरे. सकाळची भरती हवी असेल तर दशमी ते चतुर्दशीच्या दरम्यानचा दिवस धरा: साडेसात ते साडेदहा. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच. प्रत्यक्ष होडीची वेळ केंद्राकडूनच पक्की करायची, पण सुट्टी कोणत्या आठवड्यात घ्यायची हे या हिशेबाने घरबसल्या ठरतं.

होडीत बसताना भडक कपडे नकोत, मोबाइलवर गाणी नकोत. दोन्ही बाजूंना तिवरांची दाट झाडी, चिखलातून वर आलेली त्यांची मुळं, दूर पलीकडे इमारती. आणि मग पाण्यावर गुलाबी पट्टा. जवळ गेलं की त्या पट्ट्याला माना फुटतात. मागच्या वर्षी होडीवाल्याने इंजिन बंद केलं तेव्हा त्यांचं बोलणं ऐकू आलं, बदकांच्या कळपासारखा सलग, खालच्या सुरातला कलकलाट. आमच्या होडीत वीसएक माणसं होती, कुणीच काही बोललं नाही.

होडी मिळाली नाही तर सीवूड्स गाठा. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी सीवूड्स-नेरुळच्या पाणथळ जागांत येऊन उभे राहतात. डीपीएस तळं त्यातलंच. ते काठावरून फुकट दिसतात, दुर्बीण असेल तर सोन्याहून पिवळं. तिथेही पाऊणपटीचाच हिशेब, भरतीच्या आधी अर्धा तास पोचायचं. या जागा टिकाव्यात म्हणून नवी मुंबईतली साधी माणसं वर्षानुवर्षं धडपडत आहेत. कचरा टाकू नका, दगड मारू नका, पक्षी उडवण्यासाठी टाळ्या वाजवू नका, एवढं तरी आपण करावं.

दुपारनंतर नवी मुंबई. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि हे शहर नकाशावर आखून वसवलं गेलं, त्यामुळे रस्ते रुंद आणि पत्ते सेक्टरच्या आकड्यांत. रिक्षावाल्याला सेक्टर सांगितला नाही तर फिरत बसाल. मुलं बरोबर असतील तर नेरुळचं वंडर्स पार्क, नाहीतर वाशीचं सागर विहार. दोन्ही करायला धावू नका, संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत ठाण्याची लोकल पकडा.

तिसरा दिवस: मुंबई, पण एकाच टोकाला

१६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. चौदा डबे, चारशेच्या आसपास प्रवासी, ३४ किलोमीटर. तुम्ही त्याच मार्गावरून उलट जाणार आहात, हे मुलांना गाडीत सांगा.

सीएसएमटीला उतरल्यावर लगेच निघू नका. रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला उभं राहून इमारत बघा. १८८८ मध्ये पूर्ण झालेली, २००४ पासून जागतिक वारसा. मग चालत हुतात्मा चौक. तिथलं संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक बघून काळा घोडा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि शेवटी गेटवे. सगळं मिळून चालणं फार नाही, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी टॅक्सी. रिक्षा शोधू नका, शीवच्या पुढे दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत. वस्तुसंग्रहालयाला किमान दोन तास द्या.

घारापुरीला जायचंच असेल तर हे सगळं सोडून तो एकच कार्यक्रम ठेवा. लाँचला जायला तासभर, यायला तासभर, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. सकाळच्या पहिल्या लाँचने गेलात तरच ऊन्ह चढायच्या आत लेणी नीट बघून होतात.

पावसाळ्यात येणार असाल तर

फ्लेमिंगो नसतात, आणि समुद्र खवळला की लाँच बंद होतात. खाडीच्या दिवसाऐवजी अंबरनाथचं शिवमंदिर बघा. शिलाहारांनी १०६० साली बांधलेलं, ठाण्याहून लोकलने जाता येतं, पावसात त्याचा काळा दगड ओला होऊन कोरीवकाम उठून दिसतं. खारघरचा पांडवकडा, येऊरचे ओढे इथे पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात तिथे बंदी असते आणि ती माणसं दगावल्यामुळे घातलेली आहे. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की मुंबईत पाणी तुंबतं आणि लोकल थांबतात. तशा दिवशी घरात राहून भजी खावीत आणि संध्याकाळी जमलं तर नाटक.

परतीच्या दिवशी

ठाण्याला लांबच्या गाड्या दोन-तीन मिनिटंच थांबतात. अर्धा तास आधी फलाटावर या, फलाट बदलल्याची घोषणा ऐकत राहा, आपला डबा कुठे लागेल ते इंडिकेटरवर बघून तिथे उभे राहा. आधी म्हातारी माणसं आणि मुलं चढवायची, मग खालच्या माणसाने बॅगा वर द्यायच्या, आणि खाण्याची पिशवी शेवटी, हातातच.